खिडकी उघडी ठेव

नागपूर स्टेशनवर मला सोडायला बाबा आले ते थेट गिऱ्हाइकाच्या घरून. दोन हजार एकचा जून. ऊन कमी व्हायचं नाव घेत नव्हतं, आणि इतवारीतल्या आमच्या कूलरच्या दुकानाचा सीझन ऐन भरात होता. त्यांच्या शर्टाला वाळ्याच्या काड्या चिकटलेल्या. आई रडत होती, ताई तिला सावरत होती, आणि बाबा डब्यात चढून माझ्या सीटजवळची काच वरखाली करून बघत होते. "खिडकी उघडी ठेव रे," एवढंच म्हणाले. हे ते सगळ्यांनाच सांगायचे. कूलर लावून खोली बंद केली तर गरमी आतच कोंडते, तिला जायला वाट लागते, हे लोकांना पटवण्यात त्यांची हयात गेली. पोरगा अमेरिकेला निघाला तरी बाप्पा, तेच.

तुम्ही दोस्त नागपुरात राहिलात, माझ्या बॅचचे बाकीचे कॅलिफोर्नियात सनीव्हेलला जाऊन बसले, आणि सगळ्यांनी मिळून माझी यथेच्छ टिंगल केलीत. यार, अमेरिकेत जायचं तर कोणी अलास्कात जातं का? मी गेलो खरा. फेअरबँक्सला मास्टर्स केलं, तिथेच नोकरी धरली आणि जमीन गार ठेवायच्या धंद्याला लागलो.

हे बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते पोटभर हसले. "काहून रे, तिथे बर्फ कमी पडला का?" मग मी समजावलं. इथली जमीन खाली हजारो वर्षं गोठलेली आहे. तिच्यावर आपण घर बांधतो, हीटर लावतो, ती ऊब खाली झिरपते, जमिनीचा चिखल होतो आणि घर खचतं. म्हणून आम्ही जमिनीत बंद तोंडाचे पाईप पुरतो, आत थोडा वायू भरलेला. हिवाळ्यात तो पाईप खालची गरमी वर आणतो आणि बाहेरच्या हवेत सोडतो. पंप नाही, मोटर नाही, नुसता उभा असतो. उन्हाळ्यापुरतं गार करणारं मशीन लावतो, तेही काही ठिकाणीच. मला जे कळायला दोन सेमिस्टर लागली, ते बाबांना तिथल्या तिथे कळलं. म्हणाले, म्हणजे जमिनीची खिडकीच उघडी ठेवता की. पुढे दर रविवारी ते माझ्याआधी पाईपांची खुशाली विचारायचे.

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात ताईचा फोन आला. बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर, बराच पुढे गेलेला. त्यांना अल्सर म्हणून सांगितलंय, तूही तेच सांग, खचतील ते, असं ती म्हणाली. मला लगेच पटलं. आपल्याकडे असंच करतात, प्रेमानेच करतात. त्यात माझं ग्रीन कार्डाचं भिजत घोंगडं. निघालो तर परत येता येईल याची खात्री नाही, असं वकील सांगत होता. मग मी दर रविवारी फोनवर छान खोटं बोलायला लागलो. काही नाही बाबा, अल्सर आहे, होईल ठीक, दूधभात खा. तीन मिनिटांत ते फोन आईकडे द्यायचे. पाईपांचं विचारणंही बंद झालं, आणि ते मला फार लागलं.

फेब्रुवारीत एका लहान गावच्या हॉस्पिटलला पाईप तपासायला गेलो होतो. रीडिंग घेऊन कॅफेटेरियात बसलो आणि कॉफी तशीच गार झाली. लिंडा नावाची वयस्कर नर्स मला दर वर्षीच्या चकरांमुळे तोंडओळखीची होती. तिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि काय झालं म्हणून विचारलं. मी बोलत सुटलो. तिने मध्ये तोंड घातलं नाही, घड्याळ बघितलं नाही, धीराचे दोन शब्दही नाहीत. मी थांबलो तरी ती थांबूनच राहिली, म्हणून मी आणखी बोललो. शेवटी तिने विचारलं, त्यांना काय झालंय असं त्यांना स्वतःला वाटतं? मी म्हटलं, त्यांना माहीतच नाही. तिने शांतपणे विचारलं, "तू विचारलंस?"

नव्हतं विचारलं. आम्ही तिघांनी मिळून त्या माणसाला सगळ्या बाजूंनी बंद करून ठेवलं होतं.

त्या रविवारी इथे संध्याकाळ, तिकडे सोमवारची सकाळ. मी दूधभाताचं काढलं नाही. विचारलं, "बाबा, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतं?" होईल ठीक हे शब्द माझ्या जिभेवर आले होते, ते कसेबसे गिळून वाट बघत राहिलो.

"कॅन्सर आहे," बाबा म्हणाले. "रिपोर्टचं पाकीट मीच आधी उघडलं होतं. तुझ्या आईला वाटते का मला काहीच माहीत नाही, तर वाटू दे." मग म्हणाले, "भीती वाटते रे."

उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून मी हा शब्द ऐकला नव्हता. "मलाही, बाबा," मी म्हटलं. आम्ही दोघेही रडलो आणि त्या दिवशी फोन आईकडे गेलाच नाही. ठेवायच्या आधी त्यांनी विचारलं, पाईप कसे आहेत.

एप्रिलमध्ये मी वकिलाचं न ऐकता नागपूरला गेलो. त्यांच्या खोलीतल्या कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या आणि त्यांनी पलंगावरून दहा चुका काढल्या. आई गरम वारा नको म्हणून खिडकी लावायला आली, तेव्हा बाबांनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि आपल्याला आधीपासूनच सगळं माहीत आहे हे सांगितलं. तीही कधीची स्वयंपाकघरात जाऊन एकटी रडत होती. ते दोघं दुपारभर बोलत बसले. मी आणि ताई बाहेर थांबलो. मे महिन्यात बाबा गेले. तेव्हा आम्ही तिघंही त्यांच्याजवळ होतो.

मला परत येता आलं. आता दोन हजार आठ. इथे माझं स्वतःचं घर आहे, खांबांवर उचललेलं, खालून वारा जाऊ दिलेलं. ते घर आहे, पण तुम्ही विचाराल की तुझं घर कुठे, तर मी त्याचा पत्ता देणार नाही, नागपूरचाच देईन. दर रविवारी आईचा नंबर लावतो. ती जेवलास का विचारते, मी हो म्हणतो. मग दोघांनाही बाबा आठवतात आणि बोलणं संपतं. पूर्वी अशा वेळी मी घाईने काहीतरी बोलायचो. परवा तसाच बोलायला गेलो, तर आई म्हणाली, "काही बोलू नको. नुसता थांब फोनवर."

मी थांबलो.