घरची दृष्ट

रामहरी खासदार होऊन पहिल्यांदा सोलापूरच्या आपल्या चाळीत आला, तेव्हा सोजरबाईनं त्याला उंबऱ्याबाहेरच उभा केला. मागे हारतुरेवाले ताटकळले. पण बाईला कुठली पर्वा! गिरणीत जन्म काढलेली, मुकादमाला न भ्यालेली बाई ती, पुढाऱ्यांना काय भिणार? रामहरीची आई बाळंतपणातच गेली, तेव्हा शेजारच्या ह्या सोजरबाईनं त्याला अंगावर पाजलं होतं. तिचं स्वतःचं बाळ नुकतंच पाळण्यात गेलं होतं.

"काय दिसतोय माझा लेक! राजावानी की!" असं म्हणत तिनं मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवल्या. "आल्याची, गेल्याची, घरची, दारची, समद्यांची दिष्ट जळू दे," असं पुटपुटून मूठ शेगडीत टाकली. मिरच्या तडतडल्या, काळ्या पडल्या. ठसका मात्र कुणालाच लागला नाही. दृष्ट नसली तर मिरचीच्या खाटानं जीव नकोसा होतो आणि असली की मिरचीला वासच येत नाही, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. हारवाले एकमेकांकडे बघायला लागले.

दिल्लीला परतताना रामहरीची गाडी उलटली. ड्रायव्हर जागीच गेला, ह्याचा पाय मोडला.

बहात्तरचा मोठा दुष्काळ सरता सरता तो उपमंत्री झाला आणि काठी टेकत पुन्हा चाळीत आला. सोजरबाईनं त्याला डोळे भरून पाहिलं, मग मूठ उतरवली. पुन्हा वास नाही. पंधरवडाही गेला नसेल, त्याची बायको साध्या तापाचं निमित्त होऊन गेली. दिल्लीतलीच माणसं त्याच्यावर जळतात, असं लोक म्हणायला लागले. सोजरबाईही नळावर उभी राहून दिल्लीला मनसोक्त शिव्या घालायची.

मग तो राज्यमंत्री झाला. तेव्हा सोलापुरात डोळ्यांची साथ होती. सोजरबाईचेही डोळे आले होते, पापण्या पार चिकटल्या होत्या. रामहरी आला तो तिला नुसता आवाजानं कळला. चाचपडतच तिनं मूठ उतरवली आणि असा ठसका उठला, की बंदोबस्ताचे पोलीससुद्धा तोंडाला रुमाल लावून जिन्याखाली पळाले. सोजरबाई खोकत खोकत हसत होती. त्या खेपेला रामहरीला काही म्हणजे काही झालं नाही.

शेजारची गौरम्मा अक्कलकोटकडची. ज्वारी निवडता निवडता ती एकदा सहज बोलून गेली, "यव्वा, आईचीच दिष्ट लई लागती म्हनत्यात की. तुजं डोळं आल्तं, म्हनून वाचला बग त्यो."

गौरम्मा हसली. सोजरबाई नाही हसली. आपलं बाळ पाळण्यात झोपलं, की गिरणीचा भोंगा होईपर्यंत ती त्याच्याकडे टक लावून बघत बसायची. ते तिला आता आठवलं. इतकी वर्षं मूठ उतरवताना ती "घरची" म्हणत होती, पण तो शब्द तिनं कधी ऐकलाच नव्हता.

पुढे दिल्लीत सरकारं पडली, नवी आली. रामहरी पक्ष बदलून का होईना, टिकला. एकोणऐंशी साली तो कॅबिनेट मंत्री व्हायचा होता. शपथेला निघण्याआधी तो चाळीत आला, तर सोजरबाई डोळ्यांवर घट्ट पदर बांधून बसलेली.

"मावशी, हे काय?"

"मोतीबिंदू रं बाबा. दिसत न्हाय आता," ती चक्क खोटं बोलली.

रामहरीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "दिल्लीला चल माझ्यासंगं. मोठ्या डॉक्टरला दाखवू. मी तुला दिसायलाच पायजे."

"नगं!" ती एवढ्या जोरात ओरडली, की दारातला शिपाई आत डोकावला.

मग तिनं मूठ उतरवली. "आल्याची, गेल्याची" म्हणून झाल्यावर तिची जीभ अडली. पुढचं कसंबसं म्हणून तिनं मूठ शेगडीत टाकली. मिरच्या तडतडताना तिला ऐकू आल्या. ठसक्यासाठी जीव कानात आणून ती थांबली. खोली माणसांनी गच्च भरली होती आणि कुणीच खोकलं नाही.

रामहरी पाया पडून गेला. मोटारींचा आवाज लांब गेला. मग गौरम्मा जवळ येऊन कुजबुजली, "पदर सरकला काय गं? बगितलंस?"

"न्हाय गं," सोजरबाई म्हणाली. डोळ्यांवर पदर तसाच घट्ट होता. "डोळं बांदलं, पर त्यो दिसायचा थांबंना."