खंडेनवमीला पुसला गेलेला प्रोग्राम

वडगावात बातमी अशी फिरली, की मागावर चढणाऱ्या साड्यांच्या नक्ष्या काढणाऱ्या तेजस्वीनं मालकावरच्या रागानं नक्ष्यांचा कॉम्प्युटर मुद्दाम मारून टाकला. साफ खोटं. राग होता, पण तो नंतर आला, आणि मालकावर नव्हे, नागेंद्रवर.

खंडेनवमीच्या पूजेआधी आपल्याकडं माग पुसतात, कोपऱ्यातला कापूस झाडतात. तेजस्वीला वाटलं, मागाला आंघोळ, मग कॉम्प्युटरनं काय पाप केलंय? आत कधी न उघडलेल्या, नावं न कळणाऱ्या फायली दिसल्या. तिनं त्या झाडून काढल्या. त्यात फायलींची नक्कल करणारा मूळ प्रोग्रामच गेला. पूजा झाली, हळदकुंकू वाहिलं, आणि नवी नक्षी काही पेन ड्राइव्हवर उतरेना. ती उतरल्याशिवाय मागावर कशी जाणार?

कॉम्प्युटर बसवून दिलेला पिरनवाडीचा नागेंद्र आला, बघितलं, आणि सगळ्या विणकरांसमोर हसला. सगळंच पुसून नव्यानं भरायला पाहिजे, म्हणाला. हिच्या नक्ष्या गेल्या म्हणून समजा, आणि इथून पुढं खुर्चीवर मी बसतो, बाईनं सुताच्या कांड्या भराव्यात. मालक भरमूअण्णांनी मान डोलावली. दसरा झाला की पुसायचं ठरलं. लग्नाआधीपासून काढलेल्या नक्ष्या होत्या तिच्या.

तेजस्वी रडली नाही, तिनं दातओठ खाल्ले. मोबाईलवर शोधता शोधता तिला कळलं, की फाईल वाचून दाखवणारा प्रोग्राम अजून जिवंत आहे, आणि तो वाचेल ते दुसऱ्या फायलीत ओतता येतं. म्हणजे गेलेला प्रोग्रामही तसाच ओतून परत बसवता येईल, फक्त तो तशाच दुसऱ्या कॉम्प्युटरमधून आणायला हवा. तो कॉम्प्युटर कुणाकडं, हे सांगायला ज्योतिषी नको. दसऱ्याच्या संध्याकाळी नागेंद्र मित्रांत हिंडत असताना ही त्याच्या आईला, रुक्माबाईला, आपट्याचं सोनं द्यायला पिरनवाडीला गेली. पर्समध्ये पेन ड्राइव्ह.

दुसऱ्या दिवशी नागेंद्र खुर्चीत ऐटीत बसलेला. तेजस्वीनं अण्णांदेखत त्याला दोनदा विचारलं, दुसरी वाट नाहीच का? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. तिला तेवढंच हवं होतं. त्याच्या खांद्यावरनं हात घालून तिनं पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्राम जागेवर ओतला, त्याला चालायची परवानगी दिली. नक्षी सरकन उतरली. विणकरांना एकदम खोकला आला.

"कुठनं आणलंस हे?" नागेंद्रनं विचारलं.

"तुझ्याच घरातनं रं. मावशींनी चहा बी पाजला. आता ऊठ, मला बसायचंय."