दहा वाजताची प्रार्थना

गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावून सांगत. कटिंग मास्तरांना चुकूनसुद्धा 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणायचं नाही. म्हटलंत तर मेलात. मास्तर हातातली कात्री खाली ठेवणार, चष्मा कपाळावर चढवणार आणि म्हणणार, "नंतर कशाला? आत्ताच करू." मग सासूचे गुडघे असोत की पोराची परीक्षा, जिथे असाल तिथेच डोळे मिटून उभं राहायचं, जिन्यात, नाहीतर पाण्याच्या पिंपापाशी. दोन-तीन वाक्यं, आमेन, की मास्तर पुन्हा कामाला. इस्त्रीवाला म्हणायचा, "मास्तरांचा देव बहुतेक आपल्या गोदामातच बसतो. हाक मारायचा अवकाश!"

लोकांना वाटायचं, केवढी ही श्रद्धा! मास्तरांना ते ऐकवत नसे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, त्यातला तो प्रकार होता.

चौदा वर्षांपूर्वी मास्तर असे नव्हते. तेव्हा त्यांची प्रार्थना रविवारची. चर्चमध्ये सगळ्यांच्या वतीने प्रार्थना करायचा मान त्यांचा, आणि ते उभे राहिले की मागच्या बाकांवरची पोरं एक डुलकी काढून उठायची. सोमवार ते शनिवार मात्र देव आपल्या जागी, मास्तर आपल्या. कोणी काही दुखणं सांगितलं की "माझ्या प्रार्थनेत आहातच तुम्ही," एवढं म्हणायचं. माणसाची पाठ वळली की विषय संपला. मनात खोट नव्हती. 'कसं काय' म्हटल्यावर 'बरं आहे' म्हणावं, तसं ते तोंडाला बसलं होतं.

काज-बटणाला एक बाई होत्या, त्याच चर्चच्या. नवरा गेलेला, पदरात एकच मुलगी. त्या मुलीच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी कारखाना सुटताना बाई मास्तरांच्या टेबलापाशी आल्या.

"मास्तर, उद्या दहाला तिला आत नेणार आहेत. बरोबर दहाला दोन मिनिटं बसाल? मी तिथे बाकावर बसेन, तुम्ही इथे. एकटीला मला काही सुचायचं नाही."

"अहो बाई, हे काय सांगायला हवं?"

आणि या वेळी मास्तरांनी ते मनावर घेतलं होतं, हे कबूल करायला हवं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी खडूने टेबलावर ठळक '१०' लिहून ठेवलं. नऊला एका शाळेची घाईची ऑर्डर आली. मास्तरांनी थान सोडलं आणि स्वतःच्या हाताने कापडाचे साठ थर त्या टेबलावर अंथरले. फर्मे लावले, मशीन चालवलं. बाह्या, कॉलर, पाठी. काम छान रंगलं, मास्तर खूश होते. सव्वा वाजता शेवटचा गठ्ठा उचलला आणि खाली खडूतले दहा दिसले.

मास्तर तिथेच स्टुलावर बसले. "देवा, तू काही घड्याळ बघत नाहीस," असं काहीतरी पुटपुटले. देवाचं ठीक होतं. पण दहाला ती बाई बाकावर बसली, तेव्हा ती एकटीच होती. ते आता कशानेही भरून येणार नव्हतं.

डोळा वाचला नाही. आठवड्याने बाई कामावर आल्या. सगळ्या शिलाई मशिनी खडखडत होत्या. त्यातून त्यांनी विचारलं, "तुम्ही बसला होतात ना हो, दहाला?"

"हो," मास्तर म्हणाले.

"मग झालं. आपल्याकडून तरी काही कमी पडलं नाही."

आपल्यामुळे डोळा गेला असं मास्तरांना कधी वाटलं नाही, एवढे खुळे ते नव्हते. खुपायचं ते 'हो'. त्या दिवसापासून त्यांनी प्रार्थनेचा वायदा करणं सोडलं. जे काय देवाला सांगायचं ते तिथल्या तिथे. पण वीस पावलांवर बसणाऱ्या बाईंना खरं सांगायला बारा वर्षांत जीभ उचलली नाही. दर सोमवारी ठरवायचे, शनिवारी मान खाली घालून घरी जायचे.

मग बाईंची बोटं वळेनात, त्यांनी काम सोडायचं ठरवलं. शेवटच्या दिवशी मास्तरांनी त्यांना टेबलापाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. खडू, साठ थर, सव्वा वाजला ते. बाई टेबलाची कड धरून ऐकत राहिल्या.

"बारा वर्षं गप्प बसलात, मग आजच का? मन मोकळं करायला?"

मास्तरांनी टेबलावरचे धागे झटकले.

"तुमचं झालं हो मोकळं," बाई म्हणाल्या. "मी त्या दोन मिनिटांवर इतके दिवस काढले, मास्तर. डोळा गेला, पण तेव्हा कोणीतरी माझ्याबरोबर बसलं होतं, एवढंच धरून होते मी."

"चुकलो, बाई."

"माझं सोडा. पोरीचं काय? तिला मी तेव्हाच सांगितलं होतं, मास्तर तुझ्यासाठी काम थांबवून बसले होते. ती आता दवाखान्यात फोन घ्यायच्या कामाला असते, सारखी घंटी. तरी रोज दहाला दोन मिनिटं डोळे मिटते. एक दिवस चुकवत नाही." बाईंनी पिशवी उचलली. "तुमच्यासाठी, मास्तर. तुमचं नाव घेऊन."

मास्तरांना बसायला स्टूल सापडेना.

"तिला हे सांगायचं असेल तर तुम्ही जाऊन सांगा," बाई म्हणाल्या. "मी नाही सांगायची."

या गोष्टीला दोन वर्षं होतील. दवाखाना कारखान्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. मास्तर अजून गेलेले नाहीत.