काकूंचं काम

"निघ. वळून बघायचं नाही."

काकू मूल हातात घ्यायच्या, त्याचं तोंड मागच्या खिडकीकडे करायच्या आणि आईला एवढंच सांगायच्या. खिडकीबाहेर पेरूचं झाड होतं, त्यावर खारी पळत. मूल खार शोधेपर्यंत आई जिना उतरलेली असे. ना पोराचे लाड, ना आईची समजूत. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाई आहे की दगड? तुम्हालाही असंच वाटलं असतं.

नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेर पाटीबिटी काही नाही. पुण्यात जिन्याच्या कठड्यालासुद्धा सूचना लावलेली असते, पण काकूंचं पाळणाघर आपलं बिनपाटीचं. काका एका सरकारी कचेरीत कारकून होते. आपल्या बायकोच्या धंद्याची पाटी दारावर म्हणजे लोक काय म्हणतील, असं त्यांना वाटायचं. लोकांना तर सगळं ठाऊक होतं. सकाळी आठपासून जिन्यावर बायकांची रांग लागायची. त्यातली कुणी बँकेतली, कुणी टेलिफोन एक्स्चेंजमधली. एक हडपसरकडची होती, औषधाच्या कारखान्यात गोळ्या भरायची. ती म्हणायची, "काकू हायत म्हणून माझी नोकरी हाय."

माझंही तेच. मी कसब्यातल्या एका शाळेत शिक्षिका होते. मुलगी सात महिन्यांची झाली, सासूबाईंचे गुडघे धरले आणि घरात ठरलं की मी नोकरी सोडायची. ठरलं म्हणजे मी सोडून सगळ्यांचं ठरलं. राजीनाम्याचा अर्ज पर्समध्ये घालून शाळेला निघाले होते. जाता जाता सहज काकूंकडे डोकावले. जागा नाही म्हणाल्या असत्या तर मनाची तेवढीच समजूत पटली असती. काकूंनी मुलीला माझ्या कडेवरून काढून घेतलं, खिडकीकडे वळवलं. मी रडत रडत अर्जाचं सांगितलं.

"अर्ज काय, उद्याही देता येतो. आज शाळेत जा," काकू म्हणाल्या.

तो उद्या काही उजाडला नाही. अर्ज पर्समध्ये घडीवर फाटला आणि मी शाळेत राहिले.

पण एक सांगते हं, काकूंना कुणी 'किती हो प्रेमळ तुम्ही' म्हटलेलं खपत नसे. "फी घेते मी, तीही आगाऊ," असं तोडून टाकायच्या. तापाचं मूल आणलं तर जिन्यातूनच परत पाठवायच्या. मात्र कुणाचं मूल कुठल्या कुशीवर झोपतं, कुणाला वरणात तूप चालत नाही, हे त्यांना त्या मुलाच्या आईपेक्षा जास्त ठाऊक. माझी मुलगी पहिलं पाऊल त्यांच्याकडे टाकून मोकळी झाली होती. मला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते मला सांगितलंच नाही. दोन दिवसांनी ती माझ्यासमोर चालली, तेव्हा "अगं बाई, आज चालली का?" असं म्हणाल्या. हे मला कारखान्यातल्या बाईकडून पुढे कळलं.

आता माझ्या लाजेची गोष्ट.

एकाहत्तरची जनगणना आली. आम्हा शिक्षकांच्या नशिबी ती असतेच. माझ्या वाट्याला नेमका काकूंचा रस्ता आला. शनिवारी दुपारी मी फॉर्म घेऊन त्यांच्या दारात गेले. काकांचं ऑफिस अर्धा दिवस, ते घरी होते. आतल्या खोलीत सतरंजीवर आठ-नऊ मुलं ओळीनं झोपलेली. माझी मुलगी काकूंच्या मांडीवर, तोंडात अंगठा.

मी काकांचं लिहून घेतलं. मग काकूंचं नाव, वय. मग विचारलं, "मुख्य काम?"

"हिचं काय? ही घरीच असते. काही करत नाही," काका म्हणाले.

ते सहज म्हणाले, हे मुद्दाम सांगते. माणूस वाईट नव्हता. पोस्टकार्डावर पत्ता सांगावा तसं त्यांनी सांगितलं. मी काकूंकडे पाहिलं. त्या माझ्या मुलीला थोपटत होत्या, थोपटणं थांबलं नाही. "ते सांगतायत तसं लिही," म्हणाल्या.

आणि मी लिहिलं. माझी पोर त्यांच्या मांडीवर झोपली होती म्हणून मी तो फॉर्म भरू शकत होते, आणि त्याच फॉर्मवर मी लिहिलं की ही बाई काम करत नाही. एवढी शिकलेली मी, वर्गातल्या पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी. दुसऱ्या दिवशी रविवार होता, तो मी कसाबसा काढला. सोमवारी मूल देताना म्हटलं, "काकू, परवा ते मी..." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "शाळेची घंटा होईल. निघ." त्या दिवशी वळून बघायचा मला धीरच झाला नाही.

त्यानंतर दहा वर्षं तो विषय निघाला नाही. मुलगी मोठी झाली, शाळेत जायला लागली. पण माझी पायवाट सुटली नाही, जाता येता डोकावायचेच. काकूंकडे आता दुसऱ्या पिढीच्या आया येत होत्या. हल्ली त्यांचे डोळे रडून लाल नसत, बऱ्याचजणी बसच्या घाईत मूल सोपवून पळत. "बरं झालं, मला बोलायला लागत नाही," असं काकू म्हणायच्या.

एक्क्याऐंशीला मी आपण होऊन तोच रस्ता मागून घेतला. काका नुकते निवृत्त झाले होते. दिवसभर पेपर वाचायचे आणि मुलं गोंगाट करतात म्हणून कुरकुरायचे. या वेळी फॉर्मवरचा प्रश्न वेगळा होता, गेल्या वर्षभरात काही काम केलंत का? मी काकूंचं नाव लिहिलं आणि प्रश्न वाचला. काकांनी पेपर खाली घेतला, तोंड उघडलं.

"थांबा. माझं मी सांगते," काकू म्हणाल्या. "पण आधी यांचं लिही. हे घरीच असतात. काही करत नाहीत."

खोलीत एक मूल तेवढं खुळखुळा वाजवत होतं. काका पेपरामागे गेले. थोड्या वेळानं पेपर हलायला लागला, तेव्हा कळलं की ते हसतायत.

"आता माझं," काकूंचा आवाज जरा उतरला. "मुलं सांभाळते. आठ ते सहा, रविवारी सुट्टी. त्या वेळी तुझीच होती मांडीवर."

म्हणजे दहा वर्षं त्यांच्या लक्षात होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मी सरळ रडू तरी शकले असते. मी मान खाली घालून लिहिलं, अक्षर अगदी सुवाच्य काढलं. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

महिन्याभरात दारावर पाटी लागली. अक्षर काकांचं, टपोरं, कचेरीतलं. 'पाळणाघर. सहानंतर येणाऱ्या आयांनी आपले मूल ओळखून न्यावे. चुकल्यास जबाबदारी आमची नाही.' शेवटचं वाक्य काकूंचं होतं, हे सांगायला नकोच. काका आता मटार सोलायचे, मुलांची नखं कापायचे. कुरकुर चालूच होती, पण ती हात चालवत.

काकू गेल्या त्या अचानक गेल्या, दोन दिवसांच्या आजारात. चौदाव्या दिवशी सकाळी मी गेले, तर काका स्टुलावर उभे राहून पाटीचे खिळे काढत होते. बाकीच्या आयांनी दुसरीकडे सोय केली होती. एवढ्यात जिन्यावर एक मुलगी आली, एक्स्चेंजमध्ये नव्यानं लागलेली, कडेवर तान्हं. पाटी निघताना पाहून ती तिथेच थांबली. रजा शिल्लक नाही, नोकरी पक्की व्हायची आहे, एवढं कसंबसं बोलली.

काका स्टुलावरून उतरले. पक्कड खिशात घातली. मूल घेतलं, त्याचं तोंड खिडकीकडे केलं.

"निघा. वळून बघायचं नाही," म्हणाले.

मी खिळे परत ठोकून दिले.

एक्क्याण्णवच्या जनगणनेला मी शेवटची त्या घरी गेले. वरच्या कामाला एक मावशी होत्या. काकांच्या कडेवर एक आणि पायाशी तीन मुलं होती. प्रश्न विचारायच्या आत ते म्हणाले, "आधी हिचं लिही."

मी सांगितलं, काका, या फॉर्मवर हयात माणसंच लिहायची असतात. त्यांनी मान हलवली. कडेवरचं मूल खार बघत होतं, तेही तिकडेच बघत राहिले.

"बरं," म्हणाले. "मग माझ्या नावापुढे तिचं काम लिही."