पानाच्या तळाचे शब्द

धाकट्याला लहानपणापासून एकच खोड. वस्तू बिघडली की तो हळहळत नसे. असं का झालं, म्हणून तिच्यामागे हात धुऊन लागे. घरातलं एकही घड्याळ त्याच्या तावडीतून सुटलं नव्हतं. पुढे तो प्रोग्रामर झाला, आणि थोरली बहीण ज्या छापखान्यात मुद्रितं तपासायची, तिथला तपासणीचा प्रोग्राम त्यानेच लिहून दिला.

ताईच्या नजरेतून काना-मात्रा सुटणं म्हणजे आक्रीतच. पण नव्या शब्दकोशाचं काम आलं, आणि छापलेल्या पानांवर चुका दिसू लागल्या. ती धाकट्याला म्हणाली, "डोळे गेले रे माझे. महिनाअखेर काम सोडते."

भावाला फार वाईट वाटलं. पण जित्याची खोड जाते थोडीच!

"चुका राहतात कुठे?" त्याने विचारलं.

"पानाच्या तळाशी. दर वेळी."

"डोळे अधू झाले, तर तळाशीच कसे अधू होतील गं?"

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून ती संगणकाच्या पडद्यावर अक्षरं मोठी करून वाचायची. तशी तिने केली, पान सरकेल तितकं खाली सरकवलं आणि पुढचं पान घ्यायला लागली.

"थांब. अक्षरं पुन्हा लहान कर बघू."

तिने केली. तळाशी आणखी काही शब्द उगवले.

भावाने कपाळावर हात मारला. अक्षरं मोठी झाली की मजकूर लांबतो. पण पान ज्या चौकटीत खाली-वर सरकायचं, तिला त्याने लहान अक्षरांच्या वेळची उंचीच पढवून ठेवली होती. ती तिथेच अडायची आणि उरलेलं खाली दडून राहायचं. शब्दकोशात प्रत्येक शब्द सुटा, त्यामुळे काही तुटल्यासारखंही वाटत नसे. त्याचे स्वतःचे डोळे धडधाकट. अक्षरं वाढवून पाहायचं त्याला सुचलंच नव्हतं.

तिथेच बसून त्याने दुरुस्ती केली. आता अक्षरं बदलली की मजकूर नव्याने मोजला जाई आणि चौकटीला कळे. ताईने अक्षरं हवी तेवढी मोठी केली आणि अगदी तळाला गेली.

"इथे दुसरी वेलांटी हवी," ती लगेच म्हणाली.

मग चष्मा काढून डोळे पुसत बसली.

"नातीला गोष्ट वाचून दाखवणंही बंद केलं होतं मी," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्या डोळ्यांनी शेवट गाळला तर तिला कळायचंसुद्धा नाही."