लांबवलेली कापणी

माझ्या मामानं आयुष्यात सिगारेट ओढली नाही. खोकल्याचं औषधसुद्धा ‘डोकं जड होतं’ म्हणून अर्धाच चमचा घेतो. आणि नाव काय पडलं त्याचं? गांजेवाला! लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

नाव त्यानंच ओढवून घेतलं, हेही खरं. तो दोरखंडाच्या कारखान्यात, पिळाच्या यंत्रावर. तिथं सगळा प्लास्टिकचा धागा. त्याची कुसळं तळहातात शिरायची आणि संध्याकाळी दाराशी उजेडात बसून आई ती चिमट्यानं काढायची. आई त्याची धाकटी बहीण. वडील गेल्यापासून आम्ही दोघी आणि मामा एकाच घरात राहतो, मामानं लग्न केलं नाही. तर कुठूनसं त्याच्या डोक्यात शिरलं की पूर्वी चांगले दोर भांगेच्या झाडाच्या सालीचे व्हायचे. नशा न येणारी जात, पण कायद्यानं गांजाबरोबर तिलाही बंदी घातलेली. झालं, मामाला जन्माचा विषय मिळाला.

लग्नाला गेला तरी तेच, मयताला गेला तरी तेच. “अहो, या झाडाला फवारणी नको, पाणी बेताचं. सालीचा दोर होतो, कापड होतं. आतली काडी कुटून चुन्यात कालवली की भिंतीच्या विटा होतात. बियांचं तेल निघतं. आणि आपण काय करतो? बंदी!” एकदा दवाखान्यात डॉक्टर छातीला नळी लावून “श्वास घ्या” म्हणत होते आणि हा त्यांना विटा समजावत होता. मी बाहेर बाकावर बसून मान खाली घातली होती. अर्ज झाले, सह्या झाल्या, मोर्चे झाले. एका मोर्च्यात तर मामा आणि त्याचा फलक, एवढेच दोघं. कारखान्याचा मालक पोट धरून हसायचा. “गांजेवाले, कायदा बदलला ना, की पहिलं पीक मला दाखवा. तोवर प्लास्टिक पिळा.”

आणि बदलला की हो कायदा! मामाच्या मोर्च्यानं नव्हे, वर कुणीतरी ठरवलं. पण त्या दिवशी त्याचा आनंद बघायला हवा होता. परवाना काढून लावायची मुभा मिळाली. जमीन आईची होती, वडिलांनी मागं ठेवलेला एकुलता तुकडा. ती त्यात भाजी लावायची, त्यावर अर्धं घर चालायचं. “एक हंगाम दे मला,” मामा म्हणाला. आईनं दिला, परवानाही तिच्याच नावे निघाला. शेजारपाजारचे शेतकरी कुंपणाला टेकून बघत राहायचे. निघालं तर आपणही लावू, फसलं तर हसायला मोकळे, असा सगळ्यांचा सरळ विचार होता.

नियम एकच मोठा होता. नशेचा अंश या जातीतही असतो, नावापुरता. फुलोरा आला की तो दिवसागणिक वाढतो. म्हणून फूल दिसलं रे दिसलं की परवान्याच्या ऑफिसला कळवायचं, ते नमुना तपासणार, आणि लगेच कापायचं. अंश हद्दीबाहेर गेला तर अख्खं पीक जाळायचं. मामाला हा नियम पाठ होता. येईल-जाईल त्याला तोच शिकवायचा.

फूल दिसलं. आई म्हणाली, “दादा, कळव आता.”

“कळवतो गं.”

कळवलं नाही. कारण मालक परदेशी गेला होता, आणि मामाला ते पीक मालकाला उभं दाखवायचं होतं. डोक्याच्या वर गेलेलं, हिरवंगार. कापून पडलेल्या काड्या कोण बघतं? हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ही हौस दुसऱ्याच्या जमिनीवर चालली होती. मालक परतल्यानंतरचा रविवार धरून त्यानं मालकाला निरोप धाडला, शेजाऱ्यांना आवतण दिलं, ‘रविवारी कापणी, सगळ्यांनी यायचं.’ आई रोज विचारायची, “कळवलंस का?” तो रोज म्हणायचा, “कोवळं आहे अजून.” एकदा तर खेकसला, “मला शिकवतेस तू?” मला बोलायचं होतं, पण आईनं डोळ्यांनीच दाबलं.

शेवटी कळवलं तेव्हा अधिकारी बाई आल्या, नमुना घेऊन गेल्या. अंश थोडासाच जास्त निघाला, पण हद्द ती हद्द. बाईंनाही वाईट वाटलं. म्हणाल्या, “आधी का नाही कळवलंत हो?” जाळायला नेमका तोच रविवार ठरला.

आता कुणीही काय करेल? घरोघरी जाऊन सांगेल, येऊ नका. मामाच्यानं तेही झालं नाही. निघायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा आणि परत यायचा. मी म्हटलं, “मी सांगून येते.” तर हात जोडले त्यानं माझ्यापुढं. मामानं भाचीपुढं हात जोडले! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रविवारी लोक ठेवणीतले कपडे घालून आले. मालक हातात फुलांचा गुच्छ घेऊन गाडीतून उतरला आणि समोर धूर. जरा वेळ कुणाला काही कळेना. मग मालक म्हणाला, “काय हो, शेवटी गांजाच निघाला की!” हशा पिकला. शेजारी एकमेकांत बोलायला लागले. “झाडाची जातच तशी.” “बरं झालं बाबा, आपण नाही पडलो या भानगडीत.” इतक्या वर्षांची मामाची मेहनत आमच्या डोळ्यांदेखत मातीत चालली होती आणि मामा धुराकडं बघत उभा.

तेवढ्यात आई पुढं झाली. “झाडाला नावं ठेवू नका. चूक माझी आहे. घरी पाहुणे होते, म्हणून मीच कापणी लांबवली. दादा बिचारा रोज सांगत होता.”

मी मामाकडं बघितलं. तो शर्टाच्या गुंड्या चाचपत होता. बोलला नाही. एक शब्द बोलला नाही.

त्यानंतर आई दुसऱ्याच्या मळ्यात भाजी खुडायला जायला लागली. मामा आमच्याबरोबर जेवायला बसेना, आमचं आटोपलं की बसायचा. हात पुढं करेना, कुसळं स्वतःच डाव्या हातानं उपटायचा, रक्त काढायचा. मी आईला विचारलं, “का केलंस असं?” ती म्हणाली, “झाड वाचलं ना त्याचं? माझ्या नावाचं काय घेऊन बसलीस! मी कुठं मोर्चे काढलेत?”

झाड वाचलं, ते खरं. चूक त्याच्या बहिणीची, झाडाची नव्हे, असं म्हणत पुढच्या हंगामाला बऱ्याच जणांनी परवाने मागितले. आईनंही पुन्हा अर्ज केला. ऑफिसच्या हॉलमध्ये सगळ्यांना माहिती द्यायला बोलावलं होतं. अधिकारी बाई नियम सांगताना हसून म्हणाल्या, “मागं एका ताईंनी पाहुण्यांपायी कापणी लांबवली. पाहुणे जेवून गेले आणि पीक जळून गेलं.” हॉल हसला. माना आमच्याकडं वळल्या. आईही तोंडावर हात घेऊन हसली. मामा आमच्या दोघींच्या मध्ये बसला होता. त्याचे कान लालभडक झालेले मी बघितले.

तो उठला. “ते खोटं आहे,” म्हणाला. आवाज फाटला. “पाहुणेबिहुणे कुणी नव्हते. मला मालकाला मिरवून दाखवायचं होतं. ही रोज सांगत होती, मी ऐकलं नाही. आणि त्या दिवशी हिच्या मागं लपलो.”

कुणी हसलं नाही. आई त्याचा शर्ट ओढत होती, “बस रे दादा, झालं गेलं.”

बाई गोंधळल्या. आईला म्हणाल्या, “अहो ताई, पण मग तुम्ही का घेतलंत अंगावर?”

आईनं त्याचा शर्ट सोडला. “मला वाटलं,” ती म्हणाली, “मी असं म्हटलं की तो लगेच बोलेल, ही खोटं सांगतेय म्हणून. मी वाट बघत होते.”

मामा तेव्हा खाली बसला.