मांडीवरचं मिरचीचं रोप

प्रकाशा गावची देवळं बघायला निघालेल्यांनो, तुमची चैन आहे. आम्ही साठच्या दशकात गेलो तेव्हा धुळ्याहून नंदुरबार, तिथे बस बदलून प्रकाशा, यात अख्खा दिवस मोडायचा. लोक सहलीहून पेढे आणतात, मला माती आणायला धाडलं होतं.

मी धुळ्याच्या माती प्रयोगशाळेत सहायक होतो. प्रकाशाच्या हिराबेनचं तापीकाठचं खारवट शेत तिचा दीर वीटभट्टीला द्यायला निघाला होता. जमीन पिकाची नाही असा आमचा अहवाल आला की माती उपसायला सुरुवात, आणि हिराबेनला दुसरं शेत नव्हतं.

नंदुरबारला मिरचीच्या वखारींवरून शिंकत शिंकत दुसरी बस गाठली. जेवायचं असेल तर ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी आणि ठेचा मागा. तेव्हा काही आण्यांत पोट भरायचं, डोळ्यांतलं पाणी फुकट.

पावसाने दडी मारलेली. शेतावर मिठाची पांढरी पापडी. दिराने लावलेल्या अर्ध्या भागातली मिरची जळून गेली होती. हिराबेनच्या अर्ध्यात मात्र रोपं हिरवी. मी कारण विचारलं.

"तूरना बांधनी जुनी माती शे," ती म्हणाली. "रोप लावाना आगोदर खड्डामा मूठभर टाकस. मन्ही सासू बी टाके."

मी मनात म्हटलं, तुरीच्या बांधावरची जुनी माती! झालं, आता सासूचं शास्त्र ऐका. आमचा नियम छापील होता: मुळं, काडीकचरा काढून, वाळवून, चाळून नमुना आणावा. मी तिच्या ओट्यावर बसून तेच इमानदारीने केलं.

"भाऊ, मुळ्या काब्रं फेकी ऱ्हायनात?"

"नियम आहे, बेन."

निघताना तिने मातीच्या गोळ्यासकट एक रोप केळीच्या पानात बांधून दिलं. "हाई लई जा. घर लावा." नाही म्हणायची सोय नव्हती. परतीच्या बसमध्ये मांडीवर ते रोप, पायात मातीची पिशवी, आणि शेजारचे गृहस्थ माझ्याच खांद्यावर झोपलेले. मी वैतागून गेलो होतो.

धुळ्याला प्रयोगशाळेच्या साहेबांनी नमुना तपासला. मीठच मीठ. मी हिरव्या रोपांचं सांगितलं. "मग तिच्या अर्ध्यातली रोपं जगली कशी? मुळं कुठायत?"

"फेकली, साहेब. नियमाप्रमाणे."

 मग मला घरच्या डब्यात लावलेलं रोप आठवलं. सायकल दामटून ते आणलं. साहेबांनी मुळं कापली, रंगवली आणि मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. मुळांच्या आत-बाहेर बारीक धागे.

"बुरशी," ते म्हणाले. "हा रोग नाही. मूळ पोचत नाही तिथलं पाणी, अन्न हे धागे आणून देतात. म्हणून खारात, दुष्काळात रोप तगतं. त्या बाईने जुन्या मातीतून हीच पेरली."

अहवालात बुरशीसाठी रकानाच नव्हता. साहेबांनी समासात लिहिलं: जमीन लागवडीखाली ठेवावी, बांधाची माती घालावी. माझी नजर मात्र टेबलावर चिरलेल्या रोपावर.

अहवाल द्यायला पुन्हा तोच प्रवास, तीच पाठदुखी. मी वाचून दाखवलं. दीर उठून गेला. हिराबेनने कागद घडी करून डब्यात ठेवला आणि विचारलं, "लागन्यात का मिरच्या?"

मी खरं सांगितलं. तुझं रोप आम्ही कापलं, म्हणून शेत वाचलं.

ती उठली. मग खुरपं घेऊन शेतात गेली, आणि परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर दोन रोपं होती.